एका मिलिसेकंदात चार खडकवासला

तीनशे कोटी! तुमच्या टेबलावर जो साधा संगणक आहे ना, त्याच्या प्रोसेसरचा एकच गाभा एका सेकंदात इतके ठोके देतो. ३ गिगाहर्ट्झ असं आपण दुकानात सहज बोलून जातो, त्याचा अर्थ हा. एका सेकंदात ३,००,००,००,००० ठोके. एकावर नऊ नव्हे, तीनावर नऊ शून्यं.

आकडा डोळ्यांपुढे येत नाही? मग प्रत्येक ठोक्याला पाण्याचा एक थेंब टाकू. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर होतो. तीनशे कोटी थेंबांचं पाणी होतं दीड लाख लीटर. वीस फूट व्यासाची कोरडी विहीर घ्या, आपल्याकडे शेतात असते तशी. तिच्यात सतरा फूट पाणी चढेल, म्हणजे जवळजवळ तीन पुरुष. आणि ही विहीर भरते एका सेकंदात! थेंब थेंब टाकून! पुढच्या सेकंदाला दुसरी, त्याच्या पुढच्या सेकंदाला तिसरी. मिनिटभरात साठ विहिरी. एका गावाचा उन्हाळा निघेल.

आता प्रश्न असा, की इतकं अफाट यंत्र हाताशी असताना एखादं साधं लेखाचं पान उघडायला वेळ का लागतो? बोटानं टिचकी मारली आणि पडद्यावर पांढरं पान तसंच राहिलं, अर्धा सेकंद, एक सेकंद. त्या सेकंदात तिकडे सर्व्हरवर एक अख्खी विहीर भरून गेली. कुणी वापरलं ते पाणी? कुठल्या पाटानं गेलं? हे शोधून काढण्याच्या कामाला प्रोफायलिंग म्हणतात, आणि त्यातले आकडे ऐकताना माझा श्वास दर वेळी अडकतो. चला, बरोबरच जाऊ.

उदाहरण घेऊ विकिपीडियाचं. ती चालते मीडियाविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर. लिहिणाऱ्यानं मजकूर लिहायचा आणि वाचणाऱ्याला मांडलेलं पान मिळायचं, हे त्याचं काम. मराठी विकिपीडिया सुरू झाली १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनीच. त्याच महिन्याच्या २७ तारखेला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली, त्या वर्डप्रेसची, ज्याच्यावर आज जगातल्या दर दहापैकी चारांहून अधिक संकेतस्थळं उभी आहेत. मीडियाविकी आणि वर्डप्रेस, दोन्हींचा गाभा एकाच भाषेत लिहिलेला आहे, पीएचपीत. दोन्हींची दुखणीही सारखीच. वर्डप्रेसवर दिवाळी अंक चालवणाऱ्यालाही पुढचा सगळा हिशेब लागू पडेल.

आता पुण्यात बसलेल्या वाचकानं मराठी विकिपीडियावरचा एखादा लेख उघडला. विकिमीडियाची, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेची, पानं बांधणारी मुख्य यंत्रं आहेत अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अॅशबर्नला आणि टेक्ससातल्या कॅरल्टनला. तयार पानांचा साठा ठेवणारं आशियातलं केंद्र २०१८पासून सिंगापूरला आहे. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर. मुंबई ते व्हर्जिनिया सुमारे १२,९०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे व्हर्जिनियाला जाऊन परत यायला कमीत कमी १२९ मिलिसेकंद, आणि सिंगापूरची फेरी ३९ मिलिसेकंदांत. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच लागतात.

१२९ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, पापणी लवण्याइतका वेळ. असं आपल्याला वाटतं, कारण आपण माणसं आहोत. प्रोसेसरच्या बाजूनं बघा. त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद, असं धरू आणि सगळा हिशेब त्या मापात करू.

ठोका देता देता प्रोसेसरला जवळच्या मेमरीतून एक आकडा हवा झाला. १०० नॅनोसेकंद लागले. त्याच्या मापात पाच मिनिटं. ठीक आहे, चहा झाला. एसएसडीवरून तुकडा वाचायचा आहे, १०० मायक्रोसेकंद. साडेतीन दिवस! जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि तिचं डोकं योग्य जागी जायला १० मिलिसेकंद लागले, तर ३४७ दिवस, म्हणजे दिवाळी ते दिवाळी. त्याच इमारतीतल्या शेजारच्या डेटाबेस सर्व्हरला एक प्रश्न विचारून उत्तर आणायचं, अर्धा मिलिसेकंद. सतरा दिवस. प्रकाश मुंबईहून पुण्याला निघाला, दीडशे किलोमीटर, पाऊण मिलिसेकंद. प्रोसेसरच्या घड्याळात सव्वीस दिवस! माउलींची पालखी आळंदीहून निघून तोवर पंढरपूरला पोचलेली असते, पायी.

आणि ती व्हर्जिनियाची फेरी? १२९ मिलिसेकंद म्हणजे बारा वर्षं आणि वर थोडे महिने. एक तप. नाशिकच्या एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत प्रोसेसर बसून आहे, पुण्याहून आलेल्या एका टिचकीला उत्तर पोचावं म्हणून. सिंगापूरहून तेच पान आलं तर पावणेचार वर्षांत काम होतं. साडेआठ वर्षं वाचली. सिंगापूरचं केंद्र कशासाठी उभारलं, हे सांगायला याहून मोठा आकडा कशाला हवा?

पण अंतर हा हिशेबाचा सोपा भाग. तो नकाशावर मोजता येतो. अवघड भाग आहे सर्व्हरच्या पोटातला. विनंती पोचल्यावर पान तयार होऊन पहिला बाइट बाहेर पडेपर्यंत आत काय चालतं? हा वेळ, येण्याजाण्याच्या वेळेसकट, ०.८ सेकंदाच्या आत असावा असं गूगलचं मार्गदर्शन सांगतं. म्हणजे प्रोसेसरच्या मापात शहात्तर वर्षं. एक माणूस जन्माला यावा, शिकावा, संसार करावा, निवृत्त व्हावा, नातवंडं खेळवावी, आणि तरी गूगल म्हणणार, वेग चांगला आहे!

आणि इथे माझी आवडती गोष्ट येते. विकिपीडिया हा हिशेब लपवत नाही. पानाच्या पोटात तो छापलेला असतो. संगणकावर मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा, कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबा, पानाचा कच्चा मजकूर समोर येईल. त्यात ‘डब्ल्यूजीबॅकएंडरिस्पॉन्सटाइम’ असा एक रोमन लिपीतला जोडशब्द शोधा. त्याच्यापुढे एक आकडा असतो. ते पान बांधून पाठवायला मागच्या सर्व्हरला किती मिलिसेकंद लागले, तो हा आकडा. मोठ्या लेखांत याहून भारी माल सापडतो, कोष्टक! पहिल्या रकान्यात टक्के, दुसऱ्यात मिलिसेकंद, तिसऱ्यात किती वेळा बोलावलं ती संख्या, चौथ्यात साच्याचं, म्हणजे पानात बोलावलेल्या तयार तुकड्याचं, नाव. सर्वांत वर एकूण, शंभर टक्के. त्याखाली खर्चिक साचे उतरत्या क्रमानं. माहितीचौकटीनं किती खाल्लं, संदर्भांच्या साच्यांनी किती, सगळं उघड. वाणसामानाच्या बिलासारखं स्वच्छ. जगातलं कुठलं वर्तमानपत्र आपल्या प्रत्येक पानाच्या तळाशी छपाईचा असा हिशेब देतं?

त्याच कोष्टकाशेजारी मर्यादाही दिलेल्या असतात. पान बांधताना मजकुराच्या झाडाच्या किती गाठींना भेट द्यायची? जास्तीत जास्त १०,००,०००. साचे उलगडून झालेला मजकूर किती मोठा चालेल? २०,९७,१५२ बाइट, नेमका. महागडी फंक्शनं किती वेळा? ५००. आणि लुआ या भाषेत लिहिलेल्या साच्यांना मिळून वेळ किती? १० सेकंद.

दहा सेकंद! तीन हजार कोटी ठोके! ठोक्याला सेकंद या मापानं ९५० वर्षं होतात. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा आहे, म्हणजे इसवी सन १०६०चा. शिलाहारांच्या कारागिरांनी शेवटचे दगड बसवले त्या सुमाराला प्रोसेसरनं एक पान बांधायला घेतलं असतं, तर मर्यादा अलीकडेच कुठे संपली असती. ही सूट आहे बरं, शिक्षा नव्हे. कारण लुआ येण्याआधी स्थिती याहून बिकट होती. साच्यांच्या आत साचे, त्यांच्या आत आणखी साचे, आणि संदर्भांनी खच्चून भरलेले मोठे लेख नव्यानं बांधायला अर्धाअर्धा मिनिट लागे. तीस सेकंद म्हणजे २,८५० वर्षं. गौतम बुद्धांच्याही आधीपासून प्रोसेसर एकाच पानावर बसलेला! २०१३च्या आरंभी विकिपीडियावर लुआ आली आणि संदर्भांचे साचे तिच्यात लिहून घेतले, तेव्हा हा भार उतरला. कुठला भार उतरवायचा हे कळलं, कारण कुणीतरी आधी मोजलं होतं.

मोजायचं कसं, हाच तर सगळा खेळ आहे. मीडियाविकीच्या जुन्या कोडात फंक्शनांच्या तोंडाशी ‘प्रोफाइल इन’ आणि शेवटाशी ‘प्रोफाइल आउट’ अशा ओळी हातानं लिहिलेल्या असत. आत शिरताना वेळ टिपायची, बाहेर पडताना टिपायची. एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यावर गाडीची नोंद व्हावी तसं. पण नोंदीलाही वेळ लागतो! एका पानासाठी फंक्शनं लाख वेळा बोलावली गेली आणि प्रत्येक नोंद मायक्रोसेकंदाची पडली, तर लाख मायक्रोसेकंद म्हणजे १०० मिलिसेकंद नुसते नोंदींतच गेले. प्रोसेसरची साडेनऊ वर्षं वही लिहिण्यात! टोलवरच्या रांगेनंच रस्ता तुंबला.

म्हणून दुसरी रीत निघाली. शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक फंक्शनच्या दाराशी पहारा ठेवायचा नाही, ठरावीक वेळानं एकदम आत डोकावायचं आणि या क्षणी कोण काम करतंय एवढंच टिपायचं. एक लाख वेळा डोकावलं आणि त्यातल्या ४०,००० वेळा एकच फंक्शन हाती लागलं, तर चाळीस टक्के वेळ ते खातंय, यात शंका उरत नाही. विकिमीडियातल्या टिम स्टारलिंग यांनी पीएचपीसाठी एक्सायमर नावाचं असंच साधन बनवलं. चालू सर्व्हरांवर ते सतत डोकावत असतं, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे लाखो कटाक्ष बघायचे कसे? ब्रेंडन ग्रेग यांनी २०११मध्ये त्यावर एक चित्र शोधून काढलं, फ्लेम ग्राफ. मायएसक्यूएल या डेटाबेसचं एक दुखणं शोधता शोधता त्यांना ते सुचलं. आडव्या पट्ट्यांवर पट्ट्या रचलेल्या, आगीच्या ज्वाळांसारख्या. ज्या पट्टीची रुंदी जास्त, तिनं वेळ जास्त खाल्ला. इतकं सोपं. बघणाऱ्याला आकडेमोड करावीच लागत नाही.

पण आपण करू! पडदा लहान पडतो हो या चित्राला. पान बांधायला ३०० मिलिसेकंद लागले असं समजू, आणि त्याचा फ्लेम ग्राफ रेल्वेमार्गावर अंथरू. मुंबईच्या सीएसएमटीपासून पुणे स्टेशनापर्यंत, १९२ किलोमीटर. आता एक मिलिसेकंद झाला ६४० मीटर. एक मायक्रोसेकंद झाला ६४ सेंटिमीटर, रुळांवरच्या दोन स्लीपरांमधल्या अंतराएवढा जवळजवळ. मेमरीत एकदा डोकावणं म्हणजे साडेसहा सेंटिमीटर, करंगळीची लांबी. आणि एक ठोका? एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. सीएसएमटी ते पुणे अशा नव्वद कोटी बारीक रेघा, एकीला एक लागून!

चला, या मार्गावरून निघू. कोष्टक सांगतं, समजा, की साचे उलगडण्यात साठ टक्के वेळ गेला. म्हणजे ११५ किलोमीटर. दादर, ठाणे, कल्याण, कर्जत, सगळं मागं पडलं, गाडी भोर घाट चढायला लागली तरी एकच पट्टी चालू आहे. साचे, साचे आणि साचे. पुढे खंडाळा, लोणावळा, तळेगाव, पिंपरी यांच्या वाट्याला बाकी सगळं, मजकुराचं एचटीएमएल, चित्रांचे पत्ते, वाचकाची भाषा, दुवे. आता सांगा, वेग वाढवायचा तर गाडी कुठे दुरुस्त कराल? शिवाजीनगरच्या फलाटावर रंग देऊन काय होणार? पण प्रोग्रॅमर अंदाजानं नेमके तिथेच जातात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७१मध्येच फोरट्रानच्या खऱ्याखुऱ्या प्रोग्रॅमांवर मोजमाप करून दाखवून दिलं होतं, की प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो. चार टक्के! शंभर पानी वहीतली चार पानं. आणि ती कुठली चार, हे वही लिहिणाऱ्यालाही मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

याच मार्गावर आणखी एक दुखणं दाखवतो, प्रकाशन सॉफ्टवेअरमधलं सर्वांत जुनं आणि सर्वांत जास्त भेटणारं. पानावर दोनशे लेखांची यादी द्यायची आहे. प्रत्येक लेखासमोर लेखकाचं नाव. कोड लिहिणाऱ्यानं आधी यादी मागवली आणि मग एकेका लेखासाठी डेटाबेसकडे जाऊन विचारलं, याचा लेखक कोण? दोनशे लेख, दोनशे फेऱ्या. प्रत्येक फेरी अर्धा मिलिसेकंद. कुठलीही एक फेरी बघा, तिच्यात काही खोट दिसणार नाही. अर्ध्या मिलिसेकंदाला कोण नावं ठेवील? पण आपल्या मार्गावर ती ३२० मीटरची पट्टी आहे. एक फेरी, डबे मोजून बारा डब्यांची गाडी मावेल एवढी. आता दोनशे फेऱ्या एकापुढे एक लावा. ६४ किलोमीटर! सीएसएमटीहून निघालो ते अंबरनाथ ओलांडून बदलापूरच्या अलीकडे आलो, नुसतं लेखकाचं नाव विचारत! हाच प्रश्न एका दमात विचारला, या दोनशे लेखांचे लेखक सांग, तर दोन मिलिसेकंदांत भागतं. सव्वा किलोमीटर. मशीद बंदर.

बदलापूर ते मशीद बंदर. कोडच्या दोन-चार ओळी बदलून. सर्व्हर तोच, मेमरी तीच, वीजही तीच.

इथवर एका पानाचं झालं. आता माणसं आणू.

विकिपीडियाच्या सगळ्या भाषा मिळून महिन्याला वाचल्या जाणाऱ्या पानांची संख्या १,५०० कोटींच्या घरात आहे. एकेका पानाचा एकेक कागद धरून थप्पी लावली तर ती पंधराशे किलोमीटर होईल. आडवी केली तर रस्त्यानं मुंबई-पुणे पाच वेळा जाऊन पाच वेळा परत, दर महिन्याला. दिवसाला ५० कोटी पानं. सेकंदाला साधारण ५,८००. खच्चून भरलेल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली असतात. म्हणजे विकिपीडियाच्या दारात दर सेकंदाला एक भरगच्च विरार फास्ट येऊन रिकामी होते. सेकंदाला एक! दिवसाला ८६,४००! अख्ख्या मुंबईत तिन्ही मार्ग मिळून दिवसाला लोकलच्या फेऱ्या होतात तीन हजारांच्या आसपास. अशा अठ्ठावीस मुंबया हव्यात.

या गर्दीत प्रत्येक पान फक्त १०० मिलिसेकंद उशिरा आलं तर? सेकंदाचा दहावा हिस्सा, कुणी तक्रारही करणार नाही. १,५०० कोटी गुणिले एक दशांश सेकंद, दीडशे कोटी सेकंद, साडेसत्तेचाळीस वर्षं. माणसांची खरी वर्षं, प्रोसेसरची नव्हेत. डेक्कन क्वीन पुण्याला सव्वातीन तासांत पोचते. या वेळात तिच्या सव्वा लाखाहून जास्त खेपा होतील. रोज एक जाणं, एक येणं, असं धरलं तर १७५ वर्षं. डेक्कन क्वीन १ जून १९३०ला पहिल्यांदा धावली, तिची अजून शंभरी भरायची आहे! आणि हा सगळा वेळ जगातले वाचक एका महिन्यात पांढऱ्या पडद्याकडे बघण्यात घालवतील.

सरासरीवर तर अजिबात भाळू नका. सरासरी २०० मिलिसेकंद, छान आहे, असं म्हणून कुणी उठलं, तर त्याला शंभरातलं सर्वांत हळू पान विचारा. शंभरातलं एक. पण दिवसाच्या ५० कोटींतलं एक टक्का म्हणजे ५० लाख. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख माणसं होती. अख्खं पुणं रोज ताटकळलं आणि वर पिंपरी-चिंचवडही. शिवाय एक पान बांधायला जर शंभर ठिकाणांहून तुकडे गोळा करायचे असतील आणि प्रत्येक ठिकाण शंभरातून फक्त एकदा अडखळत असेल, तर शंभरपैकी त्रेसष्ट वाचकांना अडखळलेलं पान मिळतं. त्रेसष्ट! गूगलच्या जेफ डीन आणि लुईस बारोसो यांनी २०१३मध्ये हा हिशेब मांडला. कॅल्क्युलेटर घेऊन ०.९९चा शंभरावा घात काढा, एकातून वजा करा. मी दरवेळी काढतो, दरवेळी तेवढंच येतं, आणि दरवेळी धक्का बसतो.

आता २५ जून २००९. मायकल जॅक्सन यांच्या निधनाची बातमी फुटली. तासाभरात इंग्रजी विकिपीडियावरच्या त्यांच्या चरित्राकडे दहा लाखांच्या आसपास वाचक लोटले. सेकंदाला पावणेतीनशे, एकाच पानावर. एरवी याची काळजी नसते. सुमारे नव्वद टक्के मागण्या तयार साठ्यातून भागतात, पीएचपीला हात लावावा लागत नाही. पण त्या तासात लेख सारखा बदलत होता. बदल झाला की साठ्यातली प्रत शिळी. शिळी झाली की पान नव्यानं बांधायला घ्यायचं. आणि तेवढ्यात आलेल्या प्रत्येक वाचकासाठी प्रत्येक सर्व्हर तेच पान पहिल्यापासून बांधायला बसला! बांधायला दहा सेकंद लागत होते असं समजा. तेवढ्यात पावणेतीन हजार विनंत्या दाखल झाल्या. एकच पान, पावणेतीन हजार ठिकाणी, एकाच वेळी बांधलं जातंय. पावणेतीन हजार गुणिले तीन हजार कोटी ठोके, म्हणजे साडेब्याऐंशी लाख कोटी. ठोक्याला थेंब धरला तर चारशे कोटी लीटरांहून जास्त पाणी. एवढ्या पाण्यात मिळालं काय? एक पान. त्या अनुभवातून मीडियाविकीत पूलकाउंटर नावाची सोय आली. बांधायला एकानं घ्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं, तयार झालं की सगळ्यांनी तीच प्रत न्यायची. इतकी साधी शिस्त! पण साडेसत्तावीस हजार विहिरींचं काम दहा विहिरींवर आलं.

२०१४च्या डिसेंबरपर्यंत विकिमीडियानं सर्व्हरांवरचं पीएचपी चालवणारं इंजिन बदललं, फेसबुकनं बनवलेलं एचएचव्हीएम घेतलं. सर्व्हरांच्या प्रोसेसरवरचा भार सुमारे पन्नास टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर उतरला आणि संपादकांचं काम दुपटीनं वेगवान झालं. पुढच्याच डिसेंबरात पीएचपी ७ आलं, आधीच्या आवृत्तीहून जवळजवळ दुप्पट वेगाचं, आणि वर्डप्रेसवर चालणाऱ्या असंख्य साइटींना ते फुकटात मिळालं. सेकंदाला आपण भरलेली विहीर आठवा आणि तिचं निम्मं पाणी वाचलं असं म्हणा, पान मात्र तेवढंच मिळालं.

आता शेवटचा हिशेब. दम धरा.

महिन्याची १,५०० कोटी पानं. त्यातली दहातली एक सर्व्हरला खरोखर बांधावी लागते, असं ढोबळ धरू. १५० कोटी पानं. प्रत्येकाला ३०० मिलिसेकंद. एकेका पानाचे नव्वद कोटी ठोके, नव्वद कोटी थेंब, ४५ हजार लीटर, दहा हजारी टँकर साडेचार. एका पानाला साडेचार टँकर पाणी. १५० कोटी पानांना? साडेसदुसष्ट लाख कोटी लीटर! टीएमसीत सांगतो, म्हणजे धरणाची बातमी वाचणाऱ्याला लगेच कळेल. जवळजवळ २,४०० टीएमसी. कोयना धरण काठोकाठ भरतं १०५ टीएमसीला. कोयना बावीस वेळा काठोकाठ! एका महिन्यात! एका संकेतस्थळाच्या पानांसाठी, थेंब थेंब टाकून!

आणि या २,४०० टीएमसीतून कुणा प्रोग्रॅमरनं फ्लेम ग्राफ उघडला, एक अनाठायी रुंद पट्टी हेरली, आणि दर पानामागे एक मिलिसेकंद वाचवला. फक्त एक. तीनशेचे दोनशे नव्याण्णव झाले. वाचकाला आयुष्यात कळणार नाही. पण एक मिलिसेकंद म्हणजे तीस लाख ठोके, दीडशे लीटर. १५० कोटी पानांमागे दीडशे दीडशे लीटर. आठ टीएमसी! खडकवासल्यात मावतं दोन टीएमसीपेक्षा किंचित कमी. चार खडकवासला धरणं, दर महिन्याला, एका मिलिसेकंदातून!

तुमची साइट विकिपीडियाएवढी मोठी नसेल. पण तुम्ही एखाद्या मासिकाचं, गावच्या वाचनालयाचं, संस्थेचं पान चालवत असाल आणि ते हळू उघडत असेल, तर मोठा सर्व्हर घ्या म्हणून सांगणाऱ्याला आधी एकच विचारा, कुठली पट्टी रुंद आहे? त्याला सांगता येत नसेल तर पैसे देऊ नका. वर्डप्रेससाठी जॉन ब्लॅकबर्न यांचं क्वेरी मॉनिटर हे प्लगइन मोफत आहे. चाचणीच्या साइटवर ते बसवा आणि एक पान उघडा. ते पान बांधताना डेटाबेसला किती प्रश्न विचारले गेले, कुणी विचारले, कुठल्याला किती वेळ लागला, सगळी यादी समोर येते. आज संध्याकाळीच बघा.